औषधातील गोडी आणि शुद्धतेचा प्रश्न : सॅकरीनच्या रसायनाचा बाल्टिमोर ते नवी मुंबई असा ऐतिहासिक मागोवा

सारांश

सॅकरीन हा मानवाने तयार केलेला पहिला कृत्रिम गोड पदार्थ होय. इ. स. १८७९ मध्ये लागलेल्या या शोधाचा प्रवास दगडी कोळशाच्या डांबरापासून पेट्रोरसायनांपर्यंत झाला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ठाणे-बेलापूर-अंबरनाथ-महाड या रासायनिक पट्ट्याशी येऊन जोडला गेला. प्रस्तुत लेखात सॅकरीनचे रसायन, त्याच्या निर्मितीच्या दोन पद्धती, त्याच्या सुरक्षिततेविषयीचा शंभर वर्षांचा वाद आणि औषधातील सहायक द्रव्यांच्या शुद्धतेचा प्रश्न यांचा एकत्रित विचार केला आहे. जिभेला जाणवणारी गोडी ही शुद्धतेची साक्ष ठरत नाही, हे या इतिहासाचे मध्यवर्ती सूत्र आहे.

बीजसंज्ञा : सॅकरीन, कृत्रिम मधुरक, सहायक द्रव्ये, अशुद्धी, डायएथिलीन ग्लायकॉल, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा.

१. प्रस्तावना

कडू औषध गोड करून देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मधात उगाळलेली मात्रा, खडीसाखरेबरोबर दिलेले चूर्ण, गुळात गुंडाळलेली गोळी ही घराघरांतील परिचित उदाहरणे होत. आयुर्वेदातील अनुपानाच्या कल्पनेत गोडीबरोबरच औषधाच्या परिणामाचाही विचार होता. आधुनिक औषधनिर्माणशास्त्रात गोड पदार्थाची जागा सहायक द्रव्यांमध्ये आहे. रोग बरा करणे हे सहायक द्रव्याचे काम नव्हे. औषधाला रूप, चव, टिकाऊपणा आणि मोजता येण्याजोगी मात्रा देणे हे त्याचे काम. याच कारणाने सहायक द्रव्याकडे वैद्याचे, रुग्णाचे आणि बऱ्याचदा अध्यापकाचेही लक्ष जात नाही.

'सॅकरीन' या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील साखरवाचक शब्दात असून तो शब्द ग्रीकमार्गे संस्कृत 'शर्करा' या शब्दाशी नाते सांगतो. ज्या भूमीने जगाला साखर आणि तिचे नाव दिले, त्याच भूमीत ते नाव विसाव्या शतकात साखर नसलेल्या एका पदार्थाच्या रूपाने परत आले.

२. शोधाची पार्श्वभूमी

कॉन्स्टंटिन फालबर्ग हे रशियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. साखरेच्या शुद्धतेच्या परीक्षणासाठी बाल्टिमोर येथील एका आयात व्यापारी पेढीने त्यांना अमेरिकेत बोलावले होते. तेथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. आयरा रेम्सन यांच्या प्रयोगशाळेत त्यांना काम करण्याची परवानगी मिळाली. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या टोल्युइनच्या सल्फोनामाइड संयुगांचे ऑक्सिडीकरण हा त्या प्रयोगशाळेतील अभ्यासाचा विषय होता.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी पाव अनपेक्षितपणे गोड लागला आणि ही गोडी हाताला लागलेल्या रसायनाची आहे, हे ध्यानात आल्यावर फालबर्ग यांनी प्रयोगशाळेत परत जाऊन टेबलावरील पात्रांतील पदार्थ चाखून पाहिले, अशी हकीकत त्यांनी स्वतः पुढे सांगितली. आजच्या प्रयोगशाळेच्या शिस्तीत हे कृत्य अक्षम्य ठरेल. या संशोधनावरील निबंध १८७९ मध्ये रेम्सन व फालबर्ग या दोघांच्या नावे प्रसिद्ध झाला. पुढे फालबर्ग यांनी एकट्याच्या नावे एकस्वे घेतली आणि १८८० च्या दशकात जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना उभारला. रेम्सन यांना ही गोष्ट कायमची खटकली. साखरेतील भेसळ शोधण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या हातून साखरेचा प्रतिस्पर्धी जन्मास यावा, हा रसायनशास्त्राच्या इतिहासातील एक लक्षणीय योगायोग म्हणावा लागेल.

३. सॅकरीनचे रसायन

सॅकरीनच्या रेणूत कार्बनचे ७, हायड्रोजनचे ५, ऑक्सिजनचे ३ आणि नायट्रोजन व गंधक यांचा प्रत्येकी १ अणू असतो. त्याचा रेणुभार सुमारे १८३ आहे. बेंझीनच्या वलयाला जोडून असलेल्या पाच अणूंच्या दुसऱ्या वलयात एका बाजूस कार्बोनिल गट, दुसऱ्या बाजूस सल्फोनिल गट आणि मध्ये नायट्रोजन अशी त्याची रचना आहे. दोन्ही गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढत असल्याने नायट्रोजनवरील हायड्रोजन सहज सुटतो आणि सॅकरीन हे बऱ्यापैकी तीव्र आम्ल बनते. हे आम्लरूप पाण्यात फारसे विरघळत नाही. सोडियम हायड्रॉक्साइड किंवा सोडियम बायकार्बोनेटची क्रिया करून मिळणारे सोडियम लवण मात्र पाण्यात विपुल विरघळते. म्हणूनच औषधी द्रावणांमध्ये प्रामुख्याने सोडियम सॅकरीन वापरले जाते.

साखरेच्या तुलनेत त्याची गोडी साधारणतः ३०० ते ५०० पट मानली जाते. औषधी सिरपमध्ये त्याचे प्रमाण सर्वसाधारणपणे ०.०४ ते ०.२५ टक्के एवढे अल्प असते. ते उष्णतेने सहसा बिघडत नाही, जंतूंचे खाद्य होत नाही, शरीरात त्याचे विघटन होत नाही आणि मूत्रावाटे ते जसेच्या तसे बाहेर पडते. मधुमेही रुग्णाला द्यावयाच्या औषधात आणि लहान मुलांच्या दातांना अपाय होऊ नये म्हणून केलेल्या साखरविरहित सिरपमध्ये हे गुण मोलाचे ठरतात. जास्त प्रमाणात वापरल्यास मागे राहणारी कडवट, धातूसारखी चव हा त्याचा दोष होय. जिभेवरील गोड चवीच्या ग्राहींबरोबर काही कडू चवीचे ग्राहीही त्यामुळे उद्दीपित होतात, असे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. या कारणाने औषधात ते अनेकदा सॉर्बिटॉल, ग्लिसरीन यांसारख्या अन्य गोड द्रव्यांच्या जोडीने वापरले जाते.

४. निर्मितीच्या दोन वाटा

रेम्सन-फालबर्ग पद्धतीचा आरंभ टोल्युइनपासून होतो. टोल्युइनवर क्लोरोसल्फोनिक आम्लाची क्रिया केल्यावर ऑर्थो आणि पॅरा अशी दोन सल्फोनिल क्लोराइडे तयार होतात. पॅरा संयुग घनरूप, तर ऑर्थो संयुग द्रवरूप असल्याने मिश्रण थंड करून ती वेगळी करता येतात. ऑर्थो संयुगावर अमोनियाची क्रिया केली असता ऑर्थो-टोल्युइनसल्फोनामाइड मिळते. पोटॅशियम परमँगनेटसारख्या ऑक्सिडीकारकाने त्यातील मिथिल गटाचे आम्लगटात रूपांतर होते, पाण्याचा रेणू बाहेर पडून वलय मिटते आणि सॅकरीन तयार होते.

या पद्धतीत दोन अडचणी अंगभूत आहेत. पहिली अडचण पॅरा संयुगाची. ते पूर्णपणे वेगळे झाले नाही तर अंतिम मालात गोड नसलेले पॅरा-सल्फामॉइल बेंझोइक आम्ल मिसळलेले राहते. सुरुवातीच्या काळातील सॅकरीनमध्ये याचे प्रमाण बरेच असे. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. ऑक्सिडीकरण अपुरे राहिल्यास ऑर्थो-टोल्युइनसल्फोनामाइडचा अंश मालात शिल्लक राहतो. सॅकरीनच्या पुढील इतिहासात या अंशाला फार मोठे स्थान मिळाले.

दुसरी पद्धत १९५० च्या सुमारास अमेरिकेतील मॉमी केमिकल कंपनीने विकसित केली. तिचा आरंभ थॅलिक अॅनहायड्राइडपासून होतो. त्यापासून अँथ्रॅनिलिक आम्लाचे मिथिल एस्टर तयार करून त्याचे नायट्रस आम्लाने डायअॅझोटीकरण केले जाते. नंतर अनुक्रमे सल्फर डायऑक्साइड, क्लोरीन व अमोनिया यांच्या क्रियेने सॅकरीन मिळते. येथे आवश्यक ते दोन गट वलयावर प्रारंभापासूनच शेजारी-शेजारी असल्यामुळे पॅरा संयुगाचा प्रश्न उद्भवत नाही आणि ऑर्थो-टोल्युइनसल्फोनामाइड तयार होण्याचे कारणही राहत नाही. पदार्थ एकच, परंतु तो ज्या वाटेने आला, त्या वाटेची खूण त्यातील अशुद्धीत उमटते, हे तत्त्व या दोन पद्धतींच्या तुलनेतून स्पष्ट होते.

५. शंभर वर्षांचा वाद

सॅकरीनला पहिला विरोध झाला तो आर्थिक कारणांसाठी. बीट साखरेच्या उत्पादकांचे हितसंबंध जपण्यासाठी जर्मनीने १९०२ मध्ये कायद्याने त्याची विक्री औषधांच्या दुकानांपुरती मर्यादित केली. परिणामी स्वित्झर्लंडमधून त्याची चोरटी आयात होऊ लागली. अमेरिकेत शुद्ध अन्नाच्या चळवळीचे अध्वर्यू हार्वी वायली यांनी त्याला विरोध केला. पण स्वतःच्या वैद्याच्या सल्ल्याने रोज सॅकरीन घेणारे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्यांच्या विरोधात गेले. पुढे दोन महायुद्धांत साखरेची टंचाई निर्माण झाली आणि सॅकरीन सामान्यांच्या घरात पोहोचले.

१९७० च्या दशकात वादाचे स्वरूप बदलले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७२ मध्ये सॅकरीनला निर्धोक पदार्थांच्या यादीतून वगळले. आहारातून मोठ्या प्रमाणात सॅकरीन दिलेल्या उंदरांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळू लागल्या होत्या. हा दोष सॅकरीनचा की त्यातील ऑर्थो-टोल्युइनसल्फोनामाइडचा, हा प्रश्न तेव्हा निर्णायक ठरला. कॅनडातील शास्त्रज्ञांनी दोन्ही पदार्थ स्वतंत्रपणे तपासले. सॅकरीनसाठी त्यांनी मॉमी पद्धतीचा, म्हणजे ही अशुद्धी नसलेला माल वापरला. आहारात ५ टक्के सॅकरीन दिलेल्या नर उंदरांमध्ये गाठी आढळल्या. केवळ अशुद्धी दिलेल्या उंदरांमध्ये तसा परिणाम आढळला नाही. १९७७ मध्ये कॅनडाने निर्बंध घातले आणि अमेरिकेच्या प्रशासनानेही बंदीचा प्रस्ताव मांडला. मात्र त्या वेळी सॅकरीन हाच मधुमेही रुग्णांचा मुख्य आधार होता. लोकांचा रोष पाहून अमेरिकी संसदेने नोव्हेंबर १९७७ मध्ये बंदी स्थगित केली आणि वेष्टनावर धोक्याची सूचना छापणे बंधनकारक केले.

पुढील दोन दशकांच्या संशोधनाने उंदरातील परिणामाचे कारण उलगडले. सोडियम सॅकरीनची मोठी मात्रा दिल्यावर नर उंदराच्या मूत्रात कॅल्शियम फॉस्फेटयुक्त कण तयार होतात, त्यामुळे मूत्राशयाच्या आतील अस्तराला इजा होते आणि ते भरून काढण्यासाठी पेशींची वाढ वेगाने होते. माणसाच्या मूत्राची घडण वेगळी असल्याने ही प्रक्रिया माणसास लागू पडत नाही. त्यानुसार आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये सॅकरीनचा वर्ग बदलला, २००० मध्ये अमेरिकेच्या कर्ककारकांच्या यादीतून ते वगळले गेले आणि धोक्याच्या सूचनेची सक्तीही संपली. २०२४ मध्ये युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने रोजची स्वीकार्य मात्रा शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे ५ मिलिग्रॅमवरून ९ मिलिग्रॅम केली. दुसरीकडे, केवळ वजन कमी करण्यासाठी साखरविरहित मधुरकांचा वापर करू नये, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. या दोन निर्णयांत विसंगती नाही. पहिला निर्णय पदार्थाच्या विषारीपणाविषयी, तर दुसरा त्याच्या उपयुक्ततेविषयी आहे.

६. ठाणे-बेलापूर पट्टा आणि सॅकरीनचे उत्पादन

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर ठाणे खाडीच्या पूर्वेस ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रासायनिक कारखान्यांची रांग उभी राहिली. नॅशनल ऑर्गॅनिक केमिकल इंडस्ट्रीज अर्थात नोसिलचे नाफ्थाचे भंजन करणारे संकुल १९६८ मध्ये येथे सुरू झाले. हर्डिलिया केमिकल्सच्या कारखान्यात फिनॉल, अॅसिटोन यांच्यासह थॅलिक अॅनहायड्राइडचेही उत्पादन होऊ लागले. तुर्भे येथे फायझरचा औषध कारखाना होता. 'सिडको'ची स्थापना १९७० मधील. म्हणजे नवी मुंबई हे शहर वसण्यापूर्वीच येथे रसायनांची वसाहत वसू लागली होती. कोळशाच्या डांबरावर आधारलेले कार्बनी रसायन पेट्रोलियमकडे वळण्याचा जो जागतिक बदल होता, त्याचे भारतातील एक ठळक केंद्र हा पट्टा ठरला. नोसिलचे पेट्रोरसायन संकुल आणि तुर्भ्याचा औषध कारखाना आज चालू नाहीत. त्या जमिनींची ओळखही बदलत गेली आहे.

याच काळात, १९६८ मध्ये, जेट केमिकल्स या नावाने एक कंपनी नोंदली गेली. सॅकरीन व त्याची लवणे हे तिचे आरंभीच्या काळातील उत्पादन होते. पुढे क्ष-किरण तपासणीत वापरल्या जाणाऱ्या आयोडीनयुक्त द्रव्यांचे मध्यस्थ पदार्थही ती बनवू लागली. ब्ल्यू जेट हेल्थकेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय नवी मुंबईत आहे आणि कारखाने शहाड, अंबरनाथ व महाड येथे आहेत. २०२३ मध्ये तिचे समभाग बाजारात नोंदले गेले. या प्रवासात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे चिनी उत्पादनाशी असलेली स्पर्धा. स्वस्त चिनी सॅकरीनवर अमेरिकेने २००३ मध्ये अवपुंजनविरोधी शुल्क लावले, तर भारताने २०१९ मध्ये प्रतिकारी शुल्क लावले.

दुसरी गोष्ट अधिक वेदनादायक आहे. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी या कंपनीच्या महाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि ११ कामगारांचा बळी गेला. औषधाच्या चवीचा आणि निदानाच्या सोयीचा उपभोग घेणारा समाज त्यामागील श्रमाच्या जोखमीपासून फार दूर राहतो. क्लोरोसल्फोनिक आम्ल, क्लोरीन, अमोनिया आणि डायअॅझोनियम लवणे यांची नावे सॅकरीनच्या दोन्ही पद्धतींच्या वर्णनात सहज येऊन जातात. प्रत्यक्ष कारखान्यात मात्र अशा प्रत्येक नावाभोवती कामगाराच्या जिवाचा प्रश्न उभा असतो. रासायनिक उद्योगाचा कोणताही इतिहास या बाजूशिवाय पूर्ण होऊ शकत नाही.

७. गोडीने झाकलेले विष

औषधातील गोडीचा विचार करताना सॅकरीनसोबत वावरणाऱ्या गोड द्रावकांचा विचार टाळता येत नाही. १९३७ मध्ये अमेरिकेतील मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइडचे द्रवरूप औषध बाजारात आणले. सल्फानिलामाइड पाण्यात नीट विरघळत नसल्याने द्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल घेतले गेले. चवीसाठी रासबेरीचा स्वाद व सॅकरीन घातले गेले. औषधाचे रूप, स्वाद आणि सुवास यांची तपासणी झाली, विषारीपणाची झाली नाही. शंभरहून अधिक रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन मरण पावले आणि १९३८ मध्ये अमेरिकेला नवा कायदा करावा लागला. या प्रकरणात सॅकरीन निर्दोष होते. पण चव सुधारण्यासाठी घेतलेली काळजी आणि सुरक्षिततेबाबतचा निष्काळजीपणा एकाच बाटलीत कसे नांदू शकतात, याचे ते उदाहरण ठरले.

भारतात औषधविषयक कायदा १९४० मध्ये झाला आणि स्वतंत्र भारताची पहिली औषधसंहिता १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. तरीही १९८६ च्या प्रारंभी मुंबईतील सर जे. जे. रुग्णालयात तोच प्रसंग वेगळ्या रूपाने घडला. शरीरातील वाढलेला दाब कमी करण्यासाठी दिल्या गेलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते आणि १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीन व डायएथिलीन ग्लायकॉल हे दोन्ही पदार्थ रंगहीन, दाट आणि गोड आहेत. डोळा, नाक आणि जीभ या तिन्हींना फसविणारे हे साम्य आहे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८७ मध्ये दिलेल्या अहवालात रुग्णालयातील खरेदीपासून औषध प्रशासन व मंत्रिस्तरापर्यंतच्या दोषांवर बोट ठेवले. दोष केवळ एका पिंपाचा नव्हता. पिंप ते रुग्ण या संपूर्ण साखळीत कोणीही ते पिंप उघडून तपासले नाही, हा खरा दोष होता.

या इतिहासाची पुनरावृत्ती थांबलेली नाही. २०२२ मध्ये गांबियातील बालमृत्यूंच्या संदर्भात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या सिरपांविषयी इशारा दिला. निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची शासकीय प्रयोगशाळांत पूर्वतपासणी १ जून २०२३ पासून सक्तीची झाली. २०२५ मध्ये मात्र मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक बालके देशातच विकल्या गेलेल्या अशाच दूषित सिरपने दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले गेले होते. परदेशी जाणाऱ्या बाटलीला लावलेला नियम आपल्या गावातील बाटलीला तेवढ्याच कसोशीने का लागू होऊ नये, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) सॅकरीनवरील वादाचा निकाल जनमताने किंवा व्यापारी दबावाने लागला नाही. पदार्थ आणि त्यातील अशुद्धी यांची स्वतंत्र तपासणी, तसेच उंदरातील परिणामाच्या कारणाचा शोध, या दोन मार्गांनी तो लागला. आरोप सिद्ध करणारा पुरावा आणि तो मागे घ्यायला लावणारा पुरावा हे दोन्ही विज्ञानाचेच कार्य होय.

(आ) एखाद्या पदार्थाची शुद्धता त्याच्या निर्मितीच्या पद्धतीशी बांधलेली असते. म्हणून औषधसंहितेतील मर्यादा ठरविताना पदार्थाच्या नावाबरोबर त्याच्या उगमाचाही विचार आवश्यक ठरतो.

(इ) सहायक द्रव्ये परिणामशून्य मानण्याची सवय घातक आहे. १९३७, १९८६ आणि २०२५ या तिन्ही प्रसंगी घात झाला तो औषधाच्या मुख्य द्रव्याने नव्हे, तर गोड आणि दाट अशा द्रवाने.

(ई) नवी मुंबई आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यातील महाविद्यालयांना या इतिहासाची साधने दाराशीच उपलब्ध आहेत. टोल्युइनचे सल्फोनीकरण पदवीच्या वर्गात फळ्यावर शिकविले जाते. ती अभिक्रिया प्रत्यक्ष घडविणारे कारखाने, त्यांतील कामगार आणि त्या मालाची अंतिम तपासणी हे विषय रसायनशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांनी मिळून हाती घ्यावेत असे आहेत.

मधाचे बोट लावणे हा वाक्प्रचार मराठीत फसव्या आश्वासनासाठी वापरला जातो. औषधातील गोडी हे असे बोट ठरू द्यायचे नसेल, तर जिभेवर ठेवलेला विश्वास प्रयोगशाळेच्या परीक्षानळीवर ठेवावा लागेल, आणि ती परीक्षा औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी प्रत्येक पिंपाची व्हावी लागेल.